बिनचमच्याचं पत्रक

विमलमावशी गेल्याचं मला कुणी सांगितलं नाही. मला ते छापावं लागलं. मंचरला आमचा लहानसा छापखाना आहे. आता त्यात छपाई कमी आणि फ्लेक्सच जास्त. त्या सकाळी दुकान उघडून कॉम्प्युटर सुरू केला, तर व्हॉट्सअ‍ॅपवर एक ऑर्डर येऊन पडली होती. घाटघरच्या अलीकडच्या एका वाडीतून. 'ताई, श्रद्धांजलीचा बोर्ड पाहिजे. चार बाय सहा. फोटो पाठवलाय.' असे बोर्ड आम्ही आठवड्याला दोन-तीन करतोच. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली 'शोकाकुल समस्त ग्रामस्थ', कडेनं फुलं. साचा तयारच असतो, नाव आणि फोटो तेवढा बदलायचा. मी चहा पीत पीत फोटो उघडला... पांढरी साडी, नाकावर घसरलेला चष्मा, आणि फोटो काढणाऱ्यावर जराशी चिडलेली मावशी.

अंत्यविधी आदल्या दिवशीच उरकला होता, अवसरी बुद्रुकला, म्हणजे आमच्या दुकानापासून रिक्षाच्या अंतरावर. दुपारी जेवून आडवी झाली ती उठलीच नाही, एवढंच नंतर कळलं. तिच्या भाच्यानं सगळ्यांना फोन केले होते. मला केला नाही, कारण गेली दोन वर्षं मी तिच्या 'सगळ्यां'मध्ये नव्हते. यात त्याचा काही दोष नाही. मी बोर्डावर तिचं नाव टाइप केलं. अक्षर मोठं केलं, लहान केलं, पुन्हा मोठं केलं. पलीकडून बाबांनी विचारलं, "काय गं, अडलं का काही?" मी म्हटलं, "रंग जुळत नाहीये." पुढे जलदान विधीलाही मी गेले नाही. कुठल्या रांगेत बसायचं, हेच ठरवता येईना.

ती माझी सख्खी मावशी नव्हे. आईची अवसरीची बालमैत्रीण. नर्स म्हणून नोकरीला लागली ती थेट जुन्नरच्या पश्चिमेच्या डोंगरात, आणि वीसेक वर्षं तिथल्या वाड्यावस्त्यांवरच फिरली. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर अवसरीचं घर असूनही महिन्यातले निम्मे दिवस ती वाडीतल्या एका भाड्याच्या खोलीत काढायची. अवसरीत करमत नाही म्हणायची. वाडीत सगळे तिला 'शिस्टर' म्हणत. खोकला असो, बाळंतपण असो, नाहीतर सासू-सुनेचं भांडण असो, माणसं तिच्याच दारात येत. मी मात्र लहानपणापासून तिच्याकडे जायचे ते भांडायला. आमच्या घरात पाहुण्यांपेक्षा पत्रकं जास्त यायची. मजुरीची, पाण्याची, बुवाबाजीविरुद्धची. बाबा चळवळीतले, आणि मी अक्षरं गिरवली ती त्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर. उद्गारचिन्ह मला पूर्णविरामाच्या आधी आलं, असं मावशी चारचौघांत सांगायची आणि मला राग यायचा.

तिचं काम मी पहिल्यांदा जवळून बघितलं ते कॉलेजात असताना, एका थंडीत. भात काढून झालं होतं, खाचरं मोकळी पडली होती, आणि वाडीतल्या बहुतेक पोरांना सर्दी-खोकला झालेला. घरटी एक तरी नाक वाहत होतं. एका घरातून आरडाओरडा ऐकू आला म्हणून आम्ही धावलो. दीड वर्षाचं मूल, डोळे वर गेलेले, हातपाय कडक होऊन झटके देत होतं. अंग तापानं भाजत होतं आणि वरून दोन गोधड्या. एक जणी फोडलेला कांदा त्याच्या नाकाशी धरत होती, दुसऱ्यानं चप्पल आणली होती, आजोबा मुठीत किल्ली कोंबायला बघत होते. मावशीनं आधी गोधड्या काढल्या. मूल कुशीवर केलं, गळ्याजवळचं बटण सोडलं. आणि मग खाली बसून मनगटावरचं घड्याळ बघत राहिली. "हात-पाय कुणी धरू नका. तोंडात काही घालू नका," एवढंच बोलली. मुलाची आई किंचाळली, "शिस्टर, अवो काय तरी करा ना!" मावशी म्हणाली, "हेच करायचं असतं बाई. तू त्याच्या पाठीवर हात ठेव." दोन-अडीच मिनिटांत झटके थांबले. मूल ढिलं पडलं, मग रडलं. रडण्याचा तो आवाज ऐकून आजोबा खालीच बसले, किल्ली हातात तशीच.

तिनं नंतर त्या आईला समजावून सांगितलं. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या काही पोरांना साध्या सर्दी-तापातसुद्धा अशी आकडी येते. बघणाऱ्याचा जीव जातो, पण पोराला बहुतेक वेळा काही होत नाही. पाच मिनिटांच्या वर गेली, परत परत आली, मान ताठ झाली, मूल शुद्धीवर येईना, तर थांबायचं नाही, गाडी बोलवायची. आणि पहिल्यांदाच आली असेल, तर थांबली तरी डॉक्टरला दाखवायचंच. त्या मुलाला ती स्वतः जीपमध्ये घालून जुन्नरला घेऊन गेली. मी हे सगळं ऐकलं आणि काहीच ऐकलं नाही. माझ्या डोक्यात चप्पल बसली होती. तापलेल्या लेकराला चप्पल हुंगवायची! हे लोक कधी सुधारणार! परतीच्या वाटेवर मी तावातावानं बोलत होते, आणि ती म्हणाली, "तू त्या चपलेकडंच बघत व्हतीस, पोरी. मी लेकराकडं बघायला सांगत व्हते."

पत्रक मी काढलं ते पुढे चार-पाच वर्षांनी. छापखान्याचं काम मी बघू लागले होते. पुन्हा तशीच खोकल्याची साथ होती. मावशीला फोनवर सांगितलं, तर ती खूश झाली. म्हणाली, "चांगलं हाये. छापायच्या आधी मला वाचून दाखव." मी दाखवलं नाही. तपासून घेतलेलं पत्रक सरकारी होतं, असं तेव्हा माझं मत होतं. मथळा दिला, 'आकडी हा कोप नव्हे, ताप आहे!' अर्धं पान कांद्याला, चपलेला आणि अंगाऱ्याला झोडपण्यात गेलं. ते मी फार चांगलं लिहिलं होतं, अजूनही वाटतं. खाली 'काय करावे' म्हणून चार ओळी. त्यातली तिसरी ओळ : 'जीभ चावली जाऊ नये म्हणून दातांमध्ये चमचा धरावा.' हे मी कुठून आणलं? घरातून. मला लहानपणी आकडी आली होती आणि आईनं चमचा धरला होता, म्हणून मी वाचले, ही गोष्ट मी शंभरदा ऐकली होती. चमचा स्टीलचा होता, स्वयंपाकघरातला होता, त्यात देव नव्हता. त्यामुळे तो मला शास्त्रीय वाटला. पत्रकाखाली माझं नाव घातलं आणि वाडीत स्वतः जाऊन घरोघर वाटलं. मावशी त्या आठवड्यात अवसरीला होती.

महिन्याभरात तिचा फोन आला. "उद्या पहिल्या एसटीनं वर ये." का, ते सांगितलं नाही. मी गेले. शाळेच्या व्हरांड्यात वीस-पंचवीस माणसं जमली होती आणि भरतच्या हातात माझं पत्रक होतं. भरत आणि संगीता, तरुण जोडपं, त्यांची परी तेव्हा दोन वर्षांची. आदल्या दिवशी परीला तापात आकडी आली. भरतनं पत्रक आणून वाचलं, आणि तिसरी ओळ केली. दातखीळ बसलेली. त्यानं जोर लावला. समोरचा दुधाचा दात मुळाशी मोडला, हिरडी फाटली, तोंड रक्तानं भरलं. मूल उताणं होतं. ते रक्त आणि तो तुकडा श्वासात जाणार, इतक्यात मावशी पोहोचली आणि तिनं परीला कुशीवर फिरवलं. तुकडा बाहेर पडला. आकडी तोवर आपली आपण थांबलीसुद्धा होती. पण भरतला आपल्या हातावरचं ते लेकराचं रक्त दिसत होतं, आणि त्या व्हरांड्यातही तो उजवा तळहात पुन्हा पुन्हा पँटला पुसत होता.

"ताई, तुमीच लिव्हलंय ना ह्ये?" त्यानं विचारलं. कोपऱ्यातून एक म्हातारबाबा म्हणाले, "शिकल्याली मानसं, राव! आमची चप्पल वंगाळ, आन् ह्यांचा चमचा चांगला!" कुणी तरी हसलं. मी तोंड उघडलं. काय बोलणार होते कुणास ठाऊक, बहुधा चपलेवरच बोलणार होते... त्याआधी मावशी उठली. म्हणाली, "भरत, तिच्यावर चिडू नगंस. मी सांगितलं तसं तिनं लिव्हलं. सांगन्यात माझी चूक झाली." भरत तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं पत्रकाची घडी घातली, खिशात ठेवली आणि म्हणाला, "बरं शिस्टर. तुमी म्हनताय तर तसं." माणसं उठून गेली. भर सभेत उभं राहून बोलायचं, अन्यायापुढे गप्प बसायचं नाही, हे मला रांगताना शिकवलं होतं. मी बोलले नाही.

स्टॉपपर्यंत ती सोडायला आली. वारा असा होता की बोलणं ओरडून करावं लागत होतं. मी तिचे आभार मानायला हवे होते; मी भांडले. तू खोटं का बोललीस, मला कुणी वाचवायला सांगितलं होतं? ती म्हणाली, "माझ्यावर चिडतील, पर माझ्या दारात यायचं सोडनार न्हाईत. तुझ्यावर चिडले तर पुन्हा छापलेलं काय वाचनार न्हाईत. आता दुसरं काढ. बिनचमच्याचं." मी म्हटलं, एक ओळ चुकली, पण निदान चप्पल तरी सुटली ना लोकांची! त्यावर ती माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाली, "चप्पल हुंगवून कुनाचा दात पडत न्हाई, पोरी." एसटी आली. मी चढले आणि खिडकीतून हात केला नाही.

दुसरं पत्रक मी लिहिलं होतं, हे खोटं नाही. आठ-दहा दिवसांनी तिला फोनवर वाचूनही दाखवलं. कुशीवर घ्या, तोंडात काही घालू नका, वेळ बघा, पाच मिनिटांवर गेली तर दवाखाना. सगळं बरोबर होतं. तिनं पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "आदली चूक कुठं लिव्हलीस?" मी म्हटलं, आता बरोबर लिहिलंय की. ती म्हणाली, "पहिलं ज्यांच्या घरात फळीवर ठेवल्यालं हाये, त्यांनी दोन्हीतलं कुठलं खरं धरायचं? वर लिही, मागच्या पत्रकात चूक झाली, ती माझी." मी फोन ठेवला. त्या एका ओळीसाठी पत्रक दोन वर्षं कॉम्प्युटरमध्ये पडून राहिलं. सुरुवातीला तिचे फोन यायचे, "काढलंस का?" मी "काढते" म्हणायचे. मग मी उचलेनाशी झाले. मग येईनासे झाले. या दोन वर्षांत मी पुष्कळ लिहिलं. इतरांनी चुका कबूल कराव्यात म्हणून लिहिलं. कार्यक्रमांतून बोलले, टाळ्या घेतल्या, आणि रात्रीची शेवटची एसटी पकडून घरी येताना ज्याला फोन करावा असं माणूस उरलं नाही. भांडायला सुद्धा कुणी नाही, हे एकटेपण मला आधी ठाऊक नव्हतं. आपण चुकलो हे आपल्यावर जीव लावून सांगणारं एकच माणूस असतं बहुधा. तेच मी बंद करून ठेवलं होतं.

तो बोर्ड पोचवायला मीच गेले. कुणालाही देता आला असता. गुंडाळी मांडीवर आडवी धरून जुन्नरपर्यंत, तिथून वरच्या एसटीनं. शाळेजवळ पोरांनी बांबूला बोर्ड बांधला आणि मी संगीताचं घर विचारत गेले. भरत कामाला गेला होता. परी अंगणात खेळत होती. मला बघून हसली, आणि समोरच्या दाताची खिडकी दिसली. नवा दात अजून यायचा होता. संगीतानं पाणी दिलं. मी पेला हातात धरूनच बोलले, नाहीतर बोलले नसते. "संगीता, ते चमच्याचं मला मावशीनं सांगितलं नव्हतं. तिला ठाऊकही नव्हतं. मी माझ्या मनानं लिहिलं होतं."

"म्हायतीये की," ती म्हणाली.

मला वाटलं तिला कळलं नाही. मी पुन्हा सांगायला लागले, तशी ती म्हणाली, "ताई, माझ्या लग्नाआधीपासून शिस्टर ह्या वाडीला सांगती, तोंडात काय घालू नका म्हून. ती चमचा घाला म्हनंल? त्या दिवशी व्हरांड्यात समद्यांना ठावं व्हतं."

"मग भरतनं चमचा घातला कसा? त्यालाही ठाऊक असेल ना?"

"व्हतं ना. पर शिस्टर तोंडानं सांगायची. तुमचं छापल्यालं व्हतं." ती हे टोमणा म्हणून बोलली नाही. तांदळातला खडा काढून बाजूला ठेवावा तसं बोलली.

मी विचारलं, मग त्या दिवशी कुणी बोललं का नाही? ती म्हणाली, "शिस्टर म्हनली, माझं चुकलं. तिच्याफुडं कोन बोलनार? मागनं आमच्या ह्यांनी तिला इचारलंच, का वो शिस्टर, खोटं का बोल्लात? तर म्हनली, ती यील सांगायला. तिला यिऊ द्या, तवर कुनी काय बोलू नका." मग म्हणाली, "लई दिस लावलेत, ताई."

सगळ्या वाडीला जे माहीत होतं ते गुपित म्हणून मी दोन वर्षं एकटीच सांभाळत बसले होते. आणि ज्या एका माणसाला मी आल्याचं कळायला हवं होतं, ते शाळेजवळ बांबूला बांधलेलं होतं, चार बाय सहा.

बरोबर आणलेला कागद मी काढला. या वेळी पहिली ओळ होती : 'मागील पत्रकात चमचा धरा असे लिहिले होते, ते चूक होते, आणि ती चूक माझी होती.' संगीताला म्हटलं, छापायच्या आधी तुला वाचून दाखवते, कुठं अडलं तर सांग. ती भिंतीला टेकून बसली. मी पहिली ओळ वाचली. दुसरी सुरू केली, तेवढ्यात दाराच्या कोपऱ्यातून फोन वाजला. तिथं खिळ्याला एक कापडी पिशवी टांगलेली होती. त्या घरात रेंज तेवढ्या कोपऱ्यातच येते. संगीता उठली. पिशवीतून निघाला तो बटणांचा जुना फोन, पाठीला पांढरी चिकटपट्टी लावलेला. मावशीचा. भाच्यानं तो वाडीतच राहू दिला होता, हे मला तेव्हा कळलं. डोंगरातल्या कितीतरी दारांच्या आतल्या बाजूला तो नंबर कोळशानं लिहिलेला आहे. तो कोण आणि कसा पुसणार?

पलीकडून एक बाई रडत होती. एवढं मोठ्यानं की मलाही ऐकू येत होतं. "शिस्टर... शिस्टर, पोरानं डोळं फिरवलं वो..." संगीतानं माझ्याकडे एकदा बघितलं. शिस्टर नाही, असं ती म्हणाली नाही. म्हणाली, "हां, बोल बाई. कुशीवर घेतलंस का? घे आधी. पांघरून काढ. तोंडात काय घालू नगंस, कुनाला घालू दिऊ नगंस. घड्याळात किती वाजलंत? मोठ्यानं सांग मला." पलीकडून वेळ आली. "बरं. मी हाये हितंच. फोन ठिवू नगंस."

हातातला कागद धरून मी बसून राहिले. अंगणात परी कुठल्याशा डब्यात खडे भरत होती. संगीता कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभी होती, फोन कानाला, दुसरा हात वर करून मला थांबवत. त्या उंबऱ्यापलीकडे कुठंतरी डोंगराच्या कुशीत एक बाई अजून विमलमावशीशीच बोलत होती. दुसरी ओळ वाचायची घाई नव्हती. संगीता हळू आवाजात विचारत होती, "आता? आता कसं हाये?" आणि मग आम्ही दोघी पलीकडून रडण्याचा आवाज येण्याची वाट बघत राहिलो... लेकराच्या.